इंजिन सापडत नाही

मित्रांनो, मी एक जुना, दणकट लॅपटॉप आहे. निदान परवापर्यंत तरी मी असं छातीठोकपणे सांगत होतो. आता सांगताना जरा अडखळतो. का, ते ऐकाल तर तुमचंही डोकं गरगरेल, म्हणून आधी नीट टेकून बसा.

माझा जन्म कारखान्यातला. देखणा मी कधीच नव्हतो. जाड पत्र्याचं अंग, कोपऱ्यांना रबर आणि उचलायला कडी. चकचकीत, सडपातळ लॅपटॉप माझ्याकडे "हा कोण पहिलवान?" अशा नजरेने बघायचे. मला तयार केल्याबरोबर टेबलावरून खाली टाकलं, अंगावर पाणी ओतलं, धुळीत लोळवलं. तान्ह्या वयात असं कुणी कुणाला वागवतं का? मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलंय. पुढे कळलं की त्यालाच परीक्षा म्हणतात. माझ्याबरोबर माझा जुळा भाऊही पास झाला आणि आम्हा दोघांना एकाच पेटीत घालून नदीच्या धक्क्यावर आणलं.

त्या धक्क्यावरून माणसं मोठ्या नाहीतर छोट्या बोटीने पलीकडे जातात. भावाला तिकिटाच्या खिडकीत मावशींसमोर बसवलं आणि मला वर्कशॉपमध्ये मिस्त्रींच्या हवाली केलं. मावशी म्हणजे मिस्त्रींची मेहुणी. मोठी बोट चालवते ती मिस्त्रींची मुलगी. धक्का नावाला कंपनीचा, कारभार सगळा घरचा! मुलगी बोटीवर असली की कप्तान आणि खिडकीपाशी आली की भाची. कधी कोणती, ते मला तेव्हाही पटकन उमगायचं नाही.

माझं काम मात्र सरळ होतं. माझ्या पाठीमागे एक गोल भोक आहे. त्यात केबल खोचायची आणि तिचं दुसरं टोक मोठ्या बोटीच्या इंजिनाला लावायचं. मग इंजिनाच्या पोटात काय दुखतंय ते माझ्या पडद्यावर दिसायचं. तेल किती, ताप किती, कुठली नळी तुंबली, सगळं. केबल लावलेली नसली की मी लाल अक्षरांत ओरडायचो, "इंजिन सापडत नाही!" आणि वर टूं टूं करायचो. मिस्त्री म्हणायचे, "अरे हो बाबा, लावतोय. जरा दम धर."

एकदा मी मुलीच्या हातून निसटून थेट नदीत पडलो. तिने गळ टाकून मला वर काढलं. मिस्त्रींनी मला इंजिनाच्या गरम झाकणावर उताणा घातला, आणि काय आश्चर्य, वाळल्यावर मी सुरू! मिस्त्री भेटेल त्याला सांगत सुटले, "माणूस साध्या पडशाने आठवडाभर झोपतो. आमचा गडी बघा!" त्या पडण्यात माझ्या कडीचं एक टोक तुटलं. पण मिस्त्री त्या तुटक्या टोकावरून असा अंगठा फिरवायचे की मला तो दागिनाच वाटायचा.

मिस्त्रींची एक सवय तुम्हाला सांगायलाच हवी. काम संपलं की ते डिझेलमध्ये बुडवलेलं फडकं घेत आणि समोर येईल ते पुसून काढत. पाना असो, पंप असो, नाहीतर मी असो. पुसल्याशिवाय वस्तू आत ठेवायची नाही, हा त्यांचा नियम. मला ते फार आवडायचं. आपल्याला कुणीतरी रोज पुसतंय, यापेक्षा आणखी काय हवं?

पुढे एक दिवस सगळे म्हणू लागले की माझी ऑपरेटिंग सिस्टिम म्हातारी झाली. म्हणजे नक्की काय झालं, ते मला आजही धड कळलेलं नाही. माझं तर काहीच दुखत नव्हतं. पण हळूहळू माझा मान गेला. माझ्या पाठीवर चहाचे पेले ठेवू लागले. वारा सुटला की मला दाराला टेकू म्हणून लावायचे. इंजिन बघायची वेळ आली की मात्र "कुठे गेला रे आपला गडी?" म्हणून शोधाशोध. गरज सरो, वैद्य मरो, म्हणतात ते हेच का? रागवावं की हसावं तेच मला सुचेना.

अशात बोटीची तपासणी करणारे साहेब आले. त्यांनी सांगितलं, "इंजिनाचा अहवाल नव्या सिस्टिमवरूनच पाठवायचा. जुन्यावरचा आमचं ऑफिस उघडूनही बघत नाही. पुढच्या फेरीला अहवाल मिळाला नाही, तर बोट पाण्याबाहेर."

पाण्याबाहेर म्हणजे मोडीत. मुलीच्या हातचं चाक जाणार आणि मिस्त्रींच्या हातचा पाना. मुलीने नवा लॅपटॉप मागवून पाहिला, पण त्याला माझ्यासारखं गोल भोकच नव्हतं. म्हणजे नवी सिस्टिम मलाच पेलायला हवी होती. एवढी मोठी बोट माझ्यासारख्या चहाच्या टेबलावर अवलंबून! मला तर घाम फुटला असता, पण तशी सोय माझ्यात नाही.

कॉम्प्युटरवाला आला. त्याने मला वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाला, "काका, स्पष्ट बोलू? याला आता निवृत्त करा."

"नव्याला हे भोक आहे का?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही."

"मग बोलू नका. चढवा."

"चढवतो. पण जुन्यातलं काही उडालं, तर मला बोल लावायचा नाही."

मावशींच्या लॅपटॉपचीही सिस्टिम बदलायची होती, म्हणून माझ्या भावालाही बाकावर आणून ठेवलं. आमच्या दोघांच्या कुशीत एक खटका आहे. तो दाबला की आतली डिस्क खणासारखी बाहेर येते. आमची सगळी आठवण त्या डिस्कमध्ये. त्याने खटका दाबला, आणि मित्रांनो, तिथून पुढचं मला काही आठवत नाही.

मधलं सगळं मला मागाहून ऐकून कळलं. त्याने दोन्ही डिस्क काढल्या, पेनने एकीवर 'वर्कशॉप' आणि दुसरीवर 'तिकीट' असं लिहिलं, दोन्हींवर नवी सिस्टिम चढवली आणि त्या बाकावर ठेवून चहा प्यायला गेला. तेवढ्यात मिस्त्री आले. बाकावर वस्तू पडलेल्या, आणि पुसलेल्या नाहीत! त्यांनी फडकं घेतलं आणि दोन्ही डिस्क प्रेमाने, चारी बाजूंनी लख्ख पुसल्या. डिझेलपुढे पेनाची शाई किती टिकणार?

कॉम्प्युटरवाला परत आला तर दोन्ही डिस्क सारख्याच कोऱ्या. "काका, यातली तुमची कोणती?"

"अहो, जिथली उचलली तिथेच ठेवली मी," मिस्त्री ठामपणे म्हणाले. तेवढ्यात छोट्या बोटीचा भोंगा वाजला. त्याला तीच बोट गाठायची होती. त्याने घाईघाईने डिस्क आत सरकवल्या, दोन्ही पडदे निळे झाले, "झालं!" म्हणाला आणि पळाला.

मला जाग आली दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि जे दिसलं त्याने माझी मतीच गुंग झाली. समोर मिस्त्री नाहीत, मावशी! डिझेलचा वास नाही. झाकणावर फुलाचा स्टिकर. मी कडीकडे पाहिलं, तर कडी धड! मला वाटलं, नवी सिस्टिम म्हणजे पुनर्जन्म असणार. माणसांचं म्हातारपण बरं, त्यांना निदान सकाळी उठल्यावर स्वतःचं नाक सापडतं. मी आपलं मला येत होतं तेच केलं. लाल अक्षरांत ओरडलो, "इंजिन सापडत नाही!" आणि टूं टूं.

"अगं बाई! हे काय नवीन?" मावशी दचकल्या. "मला इंजिन कशाला हवंय? तिकीट दे, तिकीट!"

त्यांनी एक कळ दाबली. मी क्षणभर गप्प बसलो आणि पुन्हा ओरडलो. खिडकीबाहेर छोट्या बोटीसाठी रांग लागली होती. रांगेतला एकजण म्हणाला, "मावशी, इंजिन सापडलं की आम्हालाही एक तिकीट द्या!" सगळे हसले. मावशींनी कपाळावर हात मारला आणि हाताने तिकिटं लिहायला घेतली. "नव्या सिस्टिमचे नवे नखरे," त्या पुटपुटत होत्या. मला फार लाज वाटली, पण मी तरी काय करू? इंजिन खरंच सापडत नव्हतं.

इतक्यात मुलगी धावत आली. तिचे डोळे लाल होते. "मावशी, साहेब आलेत. बाबा वर्कशॉपच्या पायरीवर बसलेत. आमच्या लॅपटॉपमधलं सगळं उडालंय गं. इंजिनाचं चित्रच नाही, नुसतं एक हिरवं तिकीट दिसतंय. बोट गेली, मावशी."

 मी इथे आहे, असं मला सांगायचं होतं. पण मला एकच वाक्य येतं.

"तुझ्या बापाचं राहू दे, माझे हाल बघ," मावशी म्हणाल्या. "सकाळपासून याने एकच धोशा लावलाय."

"इंजिन सापडत नाही!" मी जीव तोडून ओरडलो. टूं टूं.

मुलगी थबकली. खिडकीतून अर्धी आत वाकून तिने पडदा वाचला. "मावशी, हा आमचा आहे!"

"वा गं वा! स्टिकर माझा, कडी माझी, आणि लॅपटॉप तुमचा?"

"अंग तुझं गं. आतला आमचा!"

तिने मला तसंच छातीशी धरलं आणि धावत सुटली. मागोमाग मावशी, खिडकी उघडी टाकून. मिस्त्रींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग बाकावरच्या फडक्याकडे. त्यांचा चेहरा उतरला. "त्याने नावं लिहिली होती," ते हळूच म्हणाले. "मीच पुसली."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" मावशी धापा टाकत म्हणाल्या. "भाओजी, तुमच्या हातात बाळ दिलं, तर त्यालाही डिझेलने पुसाल!"

खटके दाबले गेले. पुन्हा अंधार, पुन्हा उजेड, आणि मी कडीकडे पाहिलं. तुटकी! मला इतकं भरून आलं की काय सांगू. बोटीवर साहेब वाट बघत उभे होते. मिस्त्रींनी केबल खोचली. पण इंजिनाचं चित्र दाबताच नव्या सिस्टिमने मध्येच पाटी झळकवली, "हा प्रोग्रॅम फार जुना आहे. तुमचा याच्यावर विश्वास आहे का?" खाली दोन चौकोन होते, 'हो' आणि 'नाही'.

मी गोंधळलो. असं कुणी तोंडावर विचारतं का? आणि खरं सांगू, त्या सकाळनंतर माझा माझ्यावर तरी कुठे विश्वास उरला होता?

मिस्त्रींनी पाटी वाचली. मग त्यांनी हाताचं बोट सदऱ्याला स्वच्छ पुसलं. "याला काय विचारायचं?" ते म्हणाले, आणि 'हो' दाबलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मुलीने चाक घट्ट धरलं होतं. मग एकेक करून आकडे आले. तेल बरोबर. ताप बरोबर. नळ्या मोकळ्या. साहेबांनी अहवाल तिथूनच ऑफिसला पाठवला, तो पोचला, आणि ते एवढंच म्हणाले, "चालू द्या." मुलीने भोंगा असा लांबलचक वाजवला की धक्क्यावरच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. मिस्त्री इंजिनाकडे तोंड करून उभे राहिले, कारण त्यांना डोळे पुसायचे होते आणि हातात फडकं तेच होतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, एवढंच सांगून मी गप्प बसलो असतो. पण मिस्त्रींनीही मला जपलंच होतं की! तेव्हा एक विनंती जास्तीची. पुसण्याआधी, बदलण्याआधी, टाकण्याआधी, समोरची वस्तू कोण आहे ते जरा बघा.

माझा गोंधळ मात्र पुरता मिटलेला नाही. खिडकीत मावशींसमोर ओरडत होतो तो मी, की इथे तुटक्या कडीचा मुका बसलो होतो तो मी? मी पत्रा, की डिस्क? मिस्त्रींना असले प्रश्न पडत नाहीत. त्यांनी कानस घेतली, माझ्या पत्र्यावर एक खाच पाडली आणि तशीच एक डिस्कवर. आता काम संपलं की ते फडकं हातात घेतात, पण लगेच फिरवत नाहीत. आधी अंगठ्याने खाच चाचपतात, "तूच ना रे?" असं विचारतात, आणि मगच पुसतात.