झिल्पाबाईंचं मीठ आणि कारखान्याचा भोंगा

पनवेलच्या सिनेगॉगमागच्या आळीत लग्न असो की सुंता, मटण शिजायचं ते झिल्पाबाईंच्याच हातचं. बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरी मटण आधी भिजवायचं, मग तासभर मिठात ठेवून रक्त काढायचं, मग तीन पाण्यांनी धुवायचं. हे सगळ्याच करतात. पण झिल्पाबाईंसारखं कुणी करत नाही, असं आळीतल्या बायका म्हणत, आणि कुणी म्हणायला विसरली तर झिल्पाबाई आठवण करून देत. चौसष्ट साली हजानसाहेबांच्या मुलीचं लग्न निघालं, मंगळवारचं. हजान म्हणजे सिनेगॉगात प्रार्थना चालवणारे. बोकडही तेच कापत. त्यांच्या घरचं मटण झिल्पाबाईंकडे यायचं होतं. आणखी मान तो कसला राहिला?

आदल्या बुधवारी संध्याकाळी झिल्पाबाईंचा मुलगा जुडाह कारखान्यातून आला तो कागद पसरूनच बसला. उरण रस्त्यावरच्या त्या कारखान्यात पोह्यांच्या गिरण्यांसाठी वाफेच्या टाक्या बनत. मुंबईच्या गिऱ्हाइकानं लिहून मागितलं होतं, कोणतं काम झाल्यावर तपासता येतं आणि कोणतं येत नाही.

"रंग डोळ्यांना दिसतो," जुडाह पेन्सिल चावत म्हणाला. "भोकं मोजता येतात. पण वेल्डिंग? वरून गुळगुळीत, आत पोकळ. बघायचं तर टाकी कापायला हवी, आणि कापलेली टाकी घेणार कोण?"

"ह्याला मी मॅट्रिक केला!" झिल्पाबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "अरे, बोकड कापून झाल्यावर सुरीला धार होती का दाते होते, ते मटणावर लिहिलेलं असतं का? म्हणून हजान आधी सुरी नखावर फिरवून बघतो. आणि त्याचा हात त्याच्या गुरूनं आधी बघितलेला असतो. जे मागून कळत नाही ते आधी बघायचं. लिही!"

जुडाहनं लिहिलं. पेन्सिल चावायची थांबली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काशीराम वेल्डर दारात उभा राहिला, तोंड एवढंसं करून.

"मावशे, गोदीतली धरून वीस वर्सं जोडकाम करतो मी. एक टाकी फुटली नाय. आन तुमचा जुडा सांगतो, दोन पट्ट्या जोडून दे, त्या कापून बघनार! माज्या हाताची परीक्षा?"

"हात खरा आहे ना? मग घाम कशाला फुटतोय? दाखवायला आणलेल्या पोरीसारखा लाजतोस काय? दे जोडून!"

काशीराम पुटपुटत गेला. सून सिप्पोरा तांदूळ निवडत होती. घरात येऊन तिला तीनच महिने झाले होते.

"आई," ती म्हणाली, "मग आपलं मीठही त्यातलंच ना? शिजल्यावर कुणाला कळणार, तास झाला होता की नव्हता?"

पोरीच्या मनात खोट नव्हती, हीच पंचाईत होती. खोट असती तर झिल्पाबाईंकडे उत्तर तयार होतं.

"उद्या समोर पाट मांडून बस आणि बघ," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे लपवायला आहे काय?"

होतं एक. भिंतीवरचं घड्याळ त्या रोज पुसत, किल्ली देत. पण काटे वाचायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि येत नाही हे त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. यजमान होते तोवर तेच "झाला तास" म्हणत. ते गेले, तोवर कारखाना उभा राहिला होता. बाराचा भोंगा झाला की मीठ लावायचं, जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला की धुवायला घ्यायचं.

शुक्रवारी घरचं शब्बाथचं मटण मिठात होतं, तेव्हा दुसरा भोंगा झाला. झिल्पाबाईंनी पदर खोचला.

"थांबा आई, अर्धाच तास झालाय."

"घड्याळ मागे पडलं असेल."

"रोजच साडेबाराला वाजतो. मी आले तेव्हापासून."

"मग तीन महिने तोंडात काय धरलं होतंस?"

"मला वाटलं, तुमच्याकडे अशीच रीत असेल."

संध्याकाळी जुडाहनं उलगडा केला. "सुट्टी निम्मी करून दोन वर्षं झाली, आई. मी सांगायला लागलो तर तूच म्हणालीस, जेवताना कारखाना नको."

दोन वर्षं! किती लग्नं, किती सुंता. ना कुणाचं पोट दुखलं, ना कुणी नाक मुरडलं. उलट नाव झालं ते ह्याच दोन वर्षांत.

"मंगळवारी पुरा तास ठेवू," जुडाह म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

"नाही कळणार. तेच तर तू कागदावर लिहिलंस ना?"

शनिवार त्यांनी तोंड न उघडता काढला. आळीला वाटलं, आजारी आहेत. रविवारी सकाळी चांगलं लुगडं नेसून त्या हजानसाहेबांकडे गेल्या आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. मटण दुसरीकडे जाईल, ते धरूनच त्या आल्या होत्या. भांडायचं असलं तर त्याचीही तयारी होती.

हजानसाहेबांनी दाढी कुरवाळली. "अडीअडचणीला अर्धा तासही चालतो, झिल्पाबाई. मटण तुमच्याकडेच येईल. फक्त सूनबाईला घड्याळ घेऊन बसवा."

चालतो! ह्यावर भांडायचं तरी कसं?

मंगळवारी मागच्या अंगणात परातींत मटण मिठात होतं, आणि पाटावर सिप्पोरा, मांडीवर घड्याळ. जेवणाच्या सुट्टीत काशीराम आला, हातात कापलेल्या पट्टीचे दोन तुकडे.

"बघा मावशे! आत डाळीएवढं भोक नाय. साहेब बोलला, एक नंबर!" मग आवाज जरा उतरवून, "तुमचं काय ठरलं?" आळीत गोष्ट पोचली होती.

"चाललं," झिल्पाबाई म्हणाल्या. एवढा खारट शब्द त्यांच्या तोंडात आजवर आला नव्हता.

तेवढ्यात भोंगा झाला. काशीराम तुकडे घेऊन पळाला. झिल्पाबाईंचा हात पाण्याच्या हंड्याकडे गेला, तिथून परत आला. त्यांनी सिप्पोराच्या मांडीवरच्या काट्यांकडे पाहिलं, मग सगळ्या बायकांच्या देखत खणखणीत आवाजात विचारलं,

"किती झालं ग?"

"अर्धा राहिलाय, आई."

"मग बघतेस काय माझ्याकडे? घड्याळाकडे बघ!"