सामायिक भिंत

भिंतीवर थापा पडल्या तसा भीमराजचा हात आपसूक स्पीकरकडे गेला. त्याने आवाज कमी केला.

सकाळची वंदना चालू होती. कपाटावर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, समोर मेणबत्ती, शेजारी मोबाइलला जोडलेला मुठीएवढा स्पीकर. थापा पुन्हा पडल्या. या वेळी तळहाताच्या नव्हे, मुठीच्या. भीमराजने स्पीकर बंदच करून टाकला.

जनकाबाई पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“बंद काहून केलं?”

“शेजाऱ्याला तकलीफ होऊन राहिली.”

“कोन म्हनलं?”

“भिंत म्हनली.”

“मंग भिंतीला सांगा, अर्धी आमची हाय. आमच्या अर्ध्याला काई तकलीफ न्हाई.”

एरवी भीमराज हसला असता. आज त्याने मेणबत्ती नीट केली, हात जोडले आणि उरलेली वंदना ओठांतल्या ओठांत म्हटली. मध्येच आणखी एक थाप पडली, अगदी हलकी. मग भिंत गप्प झाली. झालं समाधान, असं मनाशी म्हणत त्याने त्या बाजूची खिडकीही लावून घेतली.

हिंगोलीहून नरसीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून ही वसाहत उभी राहिली, तेव्हा भीमराज पाईकरावने निवृत्तीनंतर तिथे घर घ्यायचं ठरवलं. सारा जन्म एसटीची गाडी चालवून त्याला रस्ते कळत होते. इथला रस्ता त्याला पहिल्या फेरीतच आवडला. सरळ, सिमेंटचा, दोन्ही बाजूंनी झाकलेली नाली. नळाला पाणी, बागेत घसरगुंडी, रात्रभर दिवे. पण त्याला खरी आवडली ती दारावरची पाटी. तिच्यावर फक्त ए-एक लिहिलेलं होतं. कुरुंद्याला त्याचं घर गावाच्या कोणत्या टोकाला आहे हे सांगितलं की पुढचं सगळं ऐकणारा ओळखून घेत असे. इथे टोक नव्हतं. ए-एक नंतर ए-दोन, आणि त्यांच्यामध्ये एकच भिंत, दोघांची मिळून.

जनकाबाईचा हिशेब वेगळा होता. “समदं बराबर हाय,” ती म्हणायची. “पन हितं भांडायला बी कोनी न्हाई.”

ए-दोनमधले वैजनाथराव आणि पार्वतीबाई वारंगा फाट्याचे. तिथे त्यांचं बी-बियाण्याचं दुकान होतं. गुडघे थकले तसं ते विकून इकडे आले. मुलगी पुनम पुण्याला. सुरुवातीला कुंपणावरून बोलणं व्हायचं, एकदा पार्वतीबाईंनी हळदीच्या लोणच्याची बरणी दिली होती. मग दोनेक महिन्यांपूर्वी सोसायटीचे सचिव उकंडराव सकाळीच दारात आले. सकाळी-संध्याकाळी आवाजाचं जरा बघा, असं म्हणाले. कोणी तक्रार केली हे भीमराजने विचारलं नाही. विचारायची गरज वाटली नाही. भिंत एकाच घराशी होती. त्या दिवसापासून वैजनाथराव दिसले की तो मान हलवायचा आणि आत जायचा. भांडायचं नाही, पण पुढे होऊन बोलायचंही नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

तो चहाचा कप घेऊन ओट्यावर आला, तेव्हा पार्वतीबाई त्याच्या फाटकाची कडी काढत होत्या. कडी निघत नव्हती. ती नुसती वर उचलायची असते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या फाटकालाही तशीच होती. पण त्या ओढत होत्या. पायांत चप्पल नव्हती.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “हे उठून न्हाई राहिले.”

भीमराजने कप तिथेच टेकवला आणि धावला.

वैजनाथराव बैठकीच्या खोलीत फरशीवर पडलेले होते, भिंतीला लागून. डोक्याखाली घडी घातलेला टॉवेल. भीमराजने मनगट धरलं, मग गळ्याशी बोटं लावली, मग छातीवर कान ठेवला. गाडीत प्रवासी बेशुद्ध पडला तर काय करायचं हे डेपोत शिकवलं होतं; ते सगळं त्याने केलं. रुग्णवाहिकेला फोन लावला. ती येईपर्यंत छाती दाबत राहिला. जनकाबाईने मागून येऊन पार्वतीबाईंना धरलं.

गाडीतल्या तरुण डॉक्टरने तपासलं आणि मान हलवली.

“थोडं अगुदर कळलं असतं तर?” भीमराजने विचारलं.

“सांगता येत नाही, काका.”

डॉक्टर कागद करायला बाहेर गेला. खोलीत पंखा फिरत होता. पार्वतीबाई नवऱ्याच्या पायांशी बसल्या आणि कोणी न विचारता बोलू लागल्या.

“न्हानीतून आले आन हितंच बसले. छातीत कळ यायली म्हनले. मांडीवर डोकं घेतलं म्या. फोन आतल्या खोलीत. डोकं खाली ठिवून उठावं कसं? त्यायनं हात घट धरला होता. मंग म्या भिंत वाजवली.”

जनकाबाईने नवऱ्याकडे पाहिलं.

“तुमचं चालूच होतं. आवाज आधी कमी झाला, मंग बंद झाला,” पार्वतीबाई म्हणाल्या. “तवा म्या ह्यांना म्हनलं, ऐकलं भाऊनं. निघाले बघा. दम धरा जरा.”

भीमराज भिंतीला पाठ लावून उभा होता. तो तिथून बाजूला झाला. पंख्याचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा त्याला वाटला.

“वैनी, मला वाटलं, आमच्या आवाजाचा तुमाला तरास व्हायला. म्हनून वाजवून राहिले.”

पार्वतीबाईंनी वर पाहिलं. त्यांना समजायला वेळ लागला.

“आमाला? आमाला कशाचा तरास? तुमचा आवाज लागला की मी चहा ठेवते. हे म्हनतात, ठिव, पाईकराव उठले.”

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर भीमराजला उभं राहणं सोपं गेलं असतं. त्यांनी नवऱ्याच्या पायावरची चादर सारखी केली आणि म्हणाल्या, “बसा न, भाऊ.” तो बसला नाही.

पुनमला फोन झाला. ती निघाली, पोचायला संध्याकाळ होणार होती. वारंगा फाट्याहून दीर आणि पुतणे येणार होते. बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा फवारा ऐकू येत होता. रुग्णवाहिका आली आणि गेली, पण एकही माणूस विचारायला आला नव्हता. दारं लागलेली होती.

पार्वतीबाईंच्याही ते ध्यानात आलं. “भाऊ, ओळीत सांगता का जरा? घरोघर जाऊन? मानूस गेलं आन शेजारात ठाऊक न्हाई, असं कुठं असतंय?”

जनकाबाईचा हात पार्वतीबाईंच्या पाठीवर होता, तो थांबला.

पार्वतीबाईंना आपण काय मागतोय हे माहीत नव्हतं. भीमराजच्या आज्याचं ते कामच होतं. कुरुंद्यात मोठ्या घरी मयत झाली की सांगावा घेऊन गावोगाव पळायचं, उन्हात, चिखलात, आणि तिथे पोचल्यावर अंगणाबाहेर उभं राहून ओरडून सांगायचं. भीमराजचा बाप सटवाजी याने ते काम सोडलं. वाड्यावरून बोलावणं आलं तेव्हा भीमराज दारात उभा होता. बापाने एवढंच म्हटलं, “आता आमी जात न्हाई. दुसरं कोनी धाडा.” त्या साली सुगीला त्यांना कोणी शेतावर घेतलं नाही. सटवाजी परभणीला जाऊन हमाली करून आला, पण सांगावा घेऊन गेला नाही. मरेपर्यंत त्याला त्या एका वाक्याचा अभिमान होता, आणि भीमराजलाही.

“मी जाते,” जनकाबाई हळूच म्हणाली.

“तू हितं बस त्यायच्यापाशी.”

“अवो, पन—”

“बस म्हनलं न.”

त्याने शर्टाची वरची गुंडी लावली आणि बाहेर पडला.

ए-तीनला कुलूप होतं. ए-चारला जाळीच्या दारामागून एक बाई म्हणाली, “आज काही नको, काका.”

“विकायला न्हाई आलो, ताई. वैजनाथराव वारले. ए-दोनचे.”

“अगं बाई!” तिने जाळी उघडली. “म्हणजे ते रोज बागेत एकटेच बसतात ते?”

“व्हय. तेच.”

पुढच्या घरातला तरुण दात घासत बाहेर आला. “कोण वैजनाथराव?”

“पांढऱ्या टोपीवाले.”

“अच्छा, अच्छा. अरेरे! ग्रुपवर टाकलं का?”

“टाकीन कोनी तरी. मी तुमाला सांगायला आलो.”

“आपण कोण?”

इथे आल्यापासून हे त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारण्यातच त्याला सुख वाटत आलं होतं.

“भीमराज सटवाजी पाईकराव,” तो म्हणाला. “ए-एक. त्यांच्या भिंतीला भिंत.”

पुढच्या प्रत्येक दारात त्याने हेच सांगितलं. मेलेल्याचं नाव, मग स्वतःचं पूर्ण नाव. अंगणाबाहेर उभा राहिला नाही. फाटक उघडून, ओट्यावर चढून, बेल दाबून सांगितलं.

कोपऱ्यावरचं घर उकंडरावांचं. त्यांनी हळहळ केली, खुर्ची दिली, मग आवाज खाली आणून म्हणाले, “एक करा, पाईकराव. गाडी मागच्या गेटनं आणायला सांगा. पुढं बागेत लेकरं खेळत असतात. उगं घाबरतील.”

“पुढच्याच गेटनं न्यायचं,” भीमराज म्हणाला. “मानूस जाऊन राहिला, कचरा न्हाई. मागचं गेट कचऱ्याच्या गाडीला हाय.”

“बरं, बरं. तापू नका.”

“तापत न्हाई. एक विचारायचं होतं. माझ्या आवाजाची तक्रार कोनी केली होती?”

“कसली तक्रार?”

“तुमी सकाळचे आले होते बघा. आवाजाचं बघा म्हनले.”

उकंडराव आठवू लागले. “ते व्हय? तक्रार कोन करतंय! नियमावलीत लिवलंय, म्हनून समद्यायला सांगावं म्हनलं. तुमचं घर गेटपाशी, म्हनून तुमच्यापासून सुरू केलं.”

“मंग पुढं कोनाकोनाला सांगितलं?”

“पुढं…” उकंडराव हसले, मग ते हसू त्यांनी आवरलं. “पुढं राहूनच गेलं, बघा.”

भीमराजला वाटलं आपण ओरडू. ओरडला नाही. हा माणूस खोटं बोलत नव्हता, हे त्याला दिसत होतं, आणि त्याचीच त्याला धडकी भरली. कोणीच काही म्हणालं नव्हतं. दोन महिने त्याने ज्या माणसाशी अबोला धरला, तो भिंतीपलीकडे त्याच्या आवाजावर चहा मागत होता. मूठ वाजली आणि त्याचा हात आवाज कमी करायला गेला. दाराकडे गेला नाही. दाराकडे जायचं त्याला सुचलंसुद्धा नव्हतं.

“टोपी घाला आन चला,” तो उकंडरावांना म्हणाला. “तिरडीचं बघायला लागंल. त्यांची मानसं पोचेपर्यंत कोनी तरी पाहिजे.”

“चला की,” उकंडराव म्हणाले आणि खरंच चपला शोधू लागले.

भीमराज रस्त्यावर आला. ओळीतली बरीच दारं उघडली होती. माणसं ओट्यावर, फाटकाशी उभी होती. कोणी हात पुसत, कोणी मोबाइलवर बघत. कुठलं घर, कुठलं घर, असं एकमेकांना विचारत होती. नक्की कोणालाच सांगता येत नव्हतं. सगळ्या घरांना रंग एकच होता.

भीमराज ओळीच्या मधून चालत गेला आणि पार्वतीबाईंच्या दारात, शेवटच्या घरापर्यंत दिसेल असा, उभा राहिला.