कप कोणी धुतला?

मी कप बोलतोय. पांढरा, कडेला निळी रेघ, आणि कानाजवळ एक टवका उडालेला. ओळखलंत ना? टीव्ही मालिकेच्या पहिल्याच भागात ज्या कपातला चहा पिऊन निवृत्त न्यायाधीश खुर्चीत कोसळले, तोच मी. खून मी केलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्यात साधा चहा होता. तोही बिनसाखरेचा, कारण न्यायाधीशाचं काम करणाऱ्या नटाला डॉक्टरांनी साखर बंद केली होती.

आम्ही सहा भावंडं एकाच भट्टीतून निघालो आणि एका कचेरीत चहाच्या कामाला लागलो. पाच जण तिथेच फुटले. कचेरीतली माणसं कप उचलतात तेव्हा त्यांचं लक्ष चहाकडे असतं, ठेवतात तेव्हा घड्याळाकडे. कचेरी बंद पडली, मी जुन्या सामानाच्या दुकानात आलो आणि तिथून मामांनी मला उचललं.

मामा म्हणजे स्टुडिओतले सामानवाले. चष्मा, चावी, चाकू, जे काही कॅमेऱ्यासमोर लागेल ते आणायचं, मांडायचं, परत जागेवर ठेवायचं हे त्यांचं काम. पस्तीस वर्षांत त्यांच्या हातून साधी टाचणीही हरवली नव्हती. फक्त एक खोड होती. उष्टा कप त्यांना बघवायचा नाही. दिसला की उचलायचा, विसळायचा, खांद्यावरच्या फडक्याने पुसायचा आणि बशीत पालथा घालायचा.

"आई म्हणायची, उष्टं भांडं पडून राहिलं की घराला आळस चढतो," असं ते मला पुसताना सांगायचे. ते आम्हा वस्तूंशी बोलत. माणसं मधेच तोडतात, कप ऐकून घेतो.

तर त्या दिवशी न्यायाधीश कोसळले, दिग्दर्शक "कट" म्हणाले आणि सगळे जेवायला पळाले. मामांनी मला सवयीने उचललं. जेवणानंतर पुढचा प्रसंग. पोलीस खोलीत शिरतात, खुर्चीत मृतदेह, आणि टेबलावर मी, लख्ख, कोरडा, पालथा! कोणाच्याही लक्षात आलं नाही. इन्स्पेक्टरने तर माझ्याकडे बोट करून "हा कप तपासणीला पाठवा" असं दरडावलं. तपासणार काय, कपाळ!

मामांना चूक कळली ती तो भाग घरी टीव्हीवर बघताना. दुसऱ्या दिवशी मला हातात घेऊन कोरडाच पुसत बसले. निर्मातेसाहेब चुकीला माफी न देणारे. आधीच्या एका ऐतिहासिक मालिकेत राजाच्या मनगटावर घड्याळ दिसलं म्हणून त्यांनी कपडेवाल्याला त्याच दिवशी घरी पाठवलं होतं.

"चार महिन्यांनी निवृत्ती आहे रे," मामा म्हणाले. "ताठ मानेनं जायचं होतं. आता काय सांगू लोकांना, एका कपापायी हाकललं म्हणून?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ठरवून आम्ही दोघंही गप्प राहिलो.

पण चाहते कोणाला गप्प राहू देतात का! सातवा भाग झाला आणि त्यांनी मालिकेच्या लेखिकाबाईंशी गप्पांचा कार्यक्रम ठरवला. वाचनालयाचं सभागृह, रविवारची दुपार. साहेब पहिल्या रांगेत. टेबलावर शोभेला मी, आणि माझी राखण करायला दाराशी मामा.

चाहत्यांची एक गंमत असते. प्रश्न विचारायला उभे राहतात आणि पाच मिनिटं स्वतःचंच मत सांगून खाली बसतात. एका गृहस्थांनी तर आपल्या मेव्हण्याचा स्वभाव कसा अगदी इन्स्पेक्टरसारखा आहे, ते सविस्तर सांगितलं. बाई हसून मान डोलवत होत्या. मग निवृत्त गणित-शिक्षक असलेले एक काका उठले. हातात वही, वहीत प्रत्येक भागाच्या नोंदी.

"बाई, मला एकच विचारायचंय. कप कोणी धुतला?"

"म्हणजे?"

"न्यायाधीश गेले तेव्हा कप उष्टा होता. पोलीस आले तेव्हा धुतलेला आणि पालथा. मधल्या वेळात खोलीत कोणीतरी येऊन गेलंय."

त्यांच्या शेजारी बसलेल्या एका नर्सताईंना राहवलं नाही. "आणि कोण ते आम्ही शोधलंय! न्यायाधीशांची बहीण, आत्या! तिच्या स्वयंपाकघरात सगळे कप पालथे असतात. तिसऱ्या भागात बघा, पाचव्यात बघा. अहो, परका माणूस विष घालून पळून जातो. उष्टा कप धुऊन ठेवणारा घरचाच असतो!"

आत्याचं स्वयंपाकघर मांडलं होतं मामांनीच. बाईंच्या कागदावर खुनी होता वकील, आणि शेवटचे चार भाग लिहूनही झाले होते.

साहेब मागे वळले. "बाई, हे तुम्ही ठरवून केलंय ना?" आवाज गोड होता. पण उत्तर 'नाही' आलं, तर संध्याकाळपर्यंत कोणीतरी घरी जाणार, हे मला कळत होतं आणि दारातल्या मामांनाही. त्यांनी खांद्यावरचं फडकं घट्ट धरलं होतं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या फडक्याकडे. सेटवर त्यांच्या स्वतःच्या चहाचा शेवटचा घोट रोज असाच मामांच्या हातून विसळला जायचा. त्यांना सगळं समजलं.

"इतक्या लवकर पकडाल असं वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मामा दाराला टेकले. मला इतका आनंद झाला की मी बशीत उतू गेलो असतो, पण पालथा होतो.

बाईंनी चार भाग पुन्हा लिहिले. वकील सुटला, आत्या तुरुंगात गेली. वर्तमानपत्रांनी बाईंना 'बारकाव्यांची राणी' म्हटलं. मामांचं नाव कुठेच नव्हतं आणि त्यांना तेच हवं होतं. पण एक दिवस ते मला म्हणाले, "घरी कप विसळायला घेतला की नात ओरडते, आजोबा खुनी! सगळे हसतात. आता ठेवतो तसाच. हात शिवशिवतात रे, पण ठेवतो." मला फार वाईट वाटलं.

शेवटच्या भागात माझ्यात पुन्हा चहा ओतला. चित्रीकरण संपलं आणि पहिल्यांदाच मामा मला न धुता निघून गेले. साहेब म्हणाले, "राहू दे तसाच, अस्सल वाटतो." आता मी त्यांच्या कचेरीत काचेच्या कपाटात असतो. तळाशी चहा वाळून काळा झालाय. खाली पाटी आहे, 'लेखिकेच्या प्रतिभेचा पुरावा'.

निवृत्तीच्या दिवशी मामा निरोप घ्यायला आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पुष्पगुच्छ. मला पाहिलं आणि त्यांचा हात खांद्याकडे गेला. खांद्यावर फडकं नव्हतं, आणि कपाटाला कुलूप होतं.

"बघा मामा," साहेब म्हणाले, "लेखकाचं डोकं काय चालतं!"

"हो ना साहेब. आपल्याला नसतं सुचलं," मामा म्हणाले आणि ताठ मानेनं बाहेर पडले.

चाहत्यांनो, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणता ना? मग त्या वहीत एवढं दुरुस्त करा. मला धुणारा हात खुन्याचा नव्हता. आणि कधी या कचेरीत आलात, तर साहेबांकडून किल्ली मागून घ्या, मला एकदा विसळा आणि पालथा घाला.