पंपांच्या यादीतलं स्तोत्र

आठ दिवसांत एकही चूक सापडली नव्हती, आणि सूनबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती नेमकी त्यामुळेच. खिळे जुळवणारा कंपोझिटर तोच होता, दर पानाला तीन-चार घोटाळे करणारा. तो एकाएकी देवदूत झाला म्हणावं, तर काल त्यानं स्वतःचं रजेचं पत्रही चुकीचं लिहिलं होतं.

छापखान्यात बायबलची नवी आवृत्ती निघत होती. तपासायची पद्धत जुनीच होती. एकानं नव्या छापाचं पान मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं जुनी मंजूर प्रत पुढे ठेवून ओळीवर बोट फिरवायचं, आणि शेवटी दोघांनी सही करायची. वाचायला मामंजी, म्हणजे तिचे सासरे, आणि बोट फिरवायला ती. मामंजी चाळीस वर्षं त्या खुर्चीवर होते. ‘यातला शब्दन् शब्द देवाच्या श्वासातून आलाय, आपण फक्त मध्ये यायचं नाही,’ हे त्यांचं रोजचं पालुपद. सासूबाई गेल्यापासून तर ती खुर्ची हेच त्यांचं घर झालं होतं.

म्हणूनच ‘तुम्हाला नीट दिसतंय ना’ असं तिला धड विचारताही येईना. त्यांच्या चष्म्यावर धूळ असायची. स्वल्पविराम ते श्वास घ्यायला थांबले की म्हणायचे, मग तो कागदावर असो वा नसो. हटकलं की “आज घसा बसलाय” म्हणून ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. उद्या पानं यंत्रावर चढायची होती. चुका राहिल्या तर हजारो घरांत जाणार होत्या, आणि बोलावं तर म्हाताऱ्याची खुर्ची जाणार होती.

शेवटी तिनं एक वाईट गोष्ट केली. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या गठ्ठ्यातलं स्तोत्राचं पान काढून घेतलं आणि त्याजागी तेवढ्याच आकाराचं दुसरं पान सरकवलं. एका कारखान्याची पंपांची किंमतयादी होती ती.

मामंजी आले, पान डोळ्यांसमोर धरलं, आणि पंपांच्या यादीवरून अख्खं स्तोत्र म्हणू लागले, तेही गहिवरून. हसावं की रडावं कळेना. बोट मात्र सवयीनं ओळीवर फिरत होतं, आणि मध्येच ते अडलं.

“मामंजी, ते वाक्य पुन्हा म्हणा.”

“‘घरी वाट पाहणारीचा दिवा तू विझू देत नाहीस.’ का गं?”

“हे इथे नाही.”

“नाही कसं? नीट बघ. नाहीतर तुझ्याच प्रतीत गाळलं असेल कुणीतरी!”

ती उठली, कपाटातून आणखी तीन जुन्या आवृत्त्या काढल्या आणि तिन्हींतून ते स्तोत्र सावकाश वाचून दाखवलं. ते वाक्य एकीतही नव्हतं.

“आई म्हणायची,” मामंजी हळूच म्हणाले. “मला निजवताना. बाबा बोटीवर असायचे ना, महिनोन् महिने. तिनंच घातलं असणार ते मध्ये. आणि मी साठ वर्षं ते देवाचं म्हणून म्हणतोय.”

मग त्यांनी विचारलं, “माझ्या हातात काय आहे, सूनबाई?”

खोटं बोलायचं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. “पंपांची किंमतयादी. मीच ठेवली. चुकलं माझं.”

“चुकलं ते माझं. दिसत नाही हे मला ठाऊक होतं. पण शब्द यायचे गं, न अडता! वाटलं, देवानं डोळे नेले तरी तोच वाचून घेतोय माझ्याकडून.”

तिच्या मनातला संशय आता भलतीकडेच वळला. “मामंजी, इतकी शतकं हे हातानं उतरवत आले लोक. त्यात अशा किती जणांच्या आया बसल्या असतील?”

ती म्हणाली आणि तिनं जीभ चावली. पण ते रागावले नाहीत.

“म्हणून तर दोघं बसतात. एकाच्या डोक्यावर सोडलं असतं, तर आतापर्यंत सगळं आईचंच झालं असतं.” त्यांनी चष्मा काढून मेजावर ठेवला. “मी तपासनीस होतो, आणि आठ दिवस स्वतःलाच शास्त्र समजत होतो. जा, साहेबांना सांग, माझ्या सहीची सगळी पानं परत काढा. धड दिसणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या.”

“मग तुम्हाला उद्यापासून घरी बसवतील.”

“बसवू देत.”

ती दारापर्यंत गेली तेव्हा त्यांनी हाक मारली. “आधी ते वाक्य एका कोऱ्या कागदावर लिहून दे. आणि खाली आईचं नाव घाल.”

तिनं मोठ्या अक्षरात लिहून कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्याची घडी केली. मेजावरची जुनी प्रत हातानं चाचपली, तिचं पुठ्ठ्याचं आवरण उघडलं, घडी आत ठेवता ठेवता हात मागे घेतला, आणि आवरण पुन्हा मिटलं. मग घडी सदऱ्याच्या खिशात ठेवून म्हणाले, “आता जा.”