तीन भावंडांचे चार वाटे

दक्षताला दहावीच्या गणितात पहिल्या वेळी एकतीस मार्क मिळाले होते आणि दुसऱ्या वेळी तीस. प्रगती होती, फक्त दिशा चुकली होती. बाकीचे विषय केव्हाच सुटले होते. आता तिसरी खेप, आणि बीजगणिताचा पेपर उद्या सकाळी अकराला.

कोलशेतच्या ज्या बालवाडीत ती नऊ वर्षं मदतनीस होती, तिथल्या ट्रस्टला यंदा अचानक गुणवत्तेचा झटका आला होता. दहावी पास झाल्याचा कागद दाखवा, नाहीतर जागा सोडा. नऊ वर्षांत तिनं शेकडो पोरांची नाकं पुसली होती. त्या कामाला वर्गसमीकरणं लागतात हे ट्रस्टच्या आत्ता लक्षात आलं होतं.

म्हणून दुपारी चारला ती बर्नाडेट टीचरच्या ओट्यावर वही घेऊन बसली होती. टीचर एक्काहत्तर वर्षांच्या. अडतीस वर्षं मराठी शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. त्यांच्या हाताखालून गेलेल्या माणसांना आता नातवंडं झालीत, तरी टीचर समोरून दिसल्या की ती माणसं पलीकडच्या फुटपाथवर जातात.

"सहाला मी चर्चला निघणार," टीचरनी आधीच बजावलं. "अपूर्णांक आणि अवयव, दोन्ही उरकायचंय. अर्धा भागिले तीन?"

"एक छेद सहा."

"बरोबर. आता हे वाच."

दक्षतानं वाचलं, "अर्धी टोपली आंबे तीन भावंडांत सारखे वाटले, तर प्रत्येकाला टोपलीचा कितवा भाग मिळाला?" जरा विचार केला आणि लिहिलं, एक छेद आठ.

"अगं, आत्ता सहा म्हणालीस ना!"

"ते नुसतं गणित होतं, टीचर. हे वाटप हाय."

टीचरनी दुसरं उदाहरण दिलं, तिसरं दिलं. आकडे नुसते दिले की उत्तर चोख, माणसं आली की उत्तर बिघडलं. पाच वाजले. अवयवांचं पान अजून उघडलंसुद्धा नव्हतं. टीचरनी तिची जुनी वही ओढून घेतली आणि मागची पानं चाळली. चौघांत वाटायचं तिथं पाच, पाच जणांत वाटायचं तिथं सहा. पानोपानी तेच.

"दर वेळी एक माणूस जास्त धरतेस तू," टीचर म्हणाल्या. "कोण गं हा? नाव सांग त्याचं."

एवढं साधं टीचर का विचारतात, दक्षताला कळेना. "देव," ती म्हणाली.

"काय?"

"होडी किनाऱ्याला लागली की मासळीतनं आधी देवाचा वाटा निघतो, मग माणसांचे. आमच्या बाबांनी कधी चुकवला नाय. ते काय पुस्तकात लिहायला पायजे?"

दोन परीक्षा या हिशेबानं गेल्या होत्या. पेपर तपासणाऱ्यांनी लाल शाईनं गोल केले होते, पण त्या जागी कोण बसलंय हे कोणी विचारलं नव्हतं.

"मी रोज चर्चला जाते, बाय," टीचर हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज ओरडण्यापेक्षा वाईट, असं जुने विद्यार्थी सांगतात. "पण देवाला छेदात घेत नाही. उद्या तीन म्हटले की तीन. देव उपाशी राहिला तर पाप माझ्या माथी."

पुढची चार उदाहरणं बरोबर आली. पण साडेपाच वाजले होते, आणि अवयव कोरे.

मग पळापळ सुरू झाली. गुणाकार हा आला पाहिजे, बेरीज ही आली पाहिजे, असे दोन आकडे शोध. मधलं पद फोड. कंस लिही. कंस परत गुणून बघ, मूळचं आलं तर बरोबर. दक्षता दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा जमलं. पावणेसहा. टीचरची नजर घड्याळाकडे.

"एक्स वर्ग वजा एक्स वजा बारा. थांब, हे मीच करून देते." आणि एका दमात लिहिलं, एक्स वजा तीन, एक्स अधिक चार. "उतरवून घे. असलंच एक हमखास येतं."

दक्षतानं उतरवलं. सवयीनं गुणून बघितलं. मधे अधिक एक्स आला. वर वजा होता. तिनं पुन्हा गुणलं. पुन्हा अधिक.

टीचरला चूक दाखवणं म्हणजे वादळात होडी लोटणं. ओट्यावरून उठवलं तर आज दुसरं कोण शिकवणार? गप्प बसलं तर? मग उद्या हॉलमध्ये आपल्या गुणाकारावर विश्वास ठेवायचा की टीचरच्या अक्षरावर, हे कोण सांगणार? आणि अकराला तर टीचर तिथं नसणार.

"टीचर," ती म्हणाली. आवाज बालवाडीतल्या पोरासारखा निघाला. "चिन्ह उलटं पडलंय."

"काय म्हणालीस?"

"वजा चार आणि अधिक तीन पायजे. मी दोनदा गुणलं."

टीचरनी वही घेतली. एकदा गुणलं. चष्मा पुसला, परत गुणलं. घड्याळात सहा वाजून गेले तरी त्या उठल्या नाहीत.

"घाईत कोणाचंही होतं," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या वर्गात अडतीस वर्षं कोणाला खपवता आलं नव्हतं.

मग त्यांनी पाच नवीन उदाहरणं लिहून दिली आणि खुर्ची मुद्दाम लांब नेऊन बसल्या. दक्षतानं पाचही सोडवली, चौथं स्वतःच खोडून नव्यानं केलं. टीचरनी लाल पेन हातात घेऊन वरपासून खालपर्यंत शोधलं. काही सापडलं नाही. त्यांनी पेनला टोपण लावलं.

"साडेदहाला हॉलवर पोच."

"पण उद्या बाजूला तुम्ही नसणार. चुकलं तर?"

"तर तुझं तुला कळेल," बर्नाडेट टीचर म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या. "आज माझं कळलं की नाही?"