पोपटरावांची लाल पाठीची पाटी

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. माझं तोंड पिवळं आणि पाठ लाल. तोंडावर निळ्या अक्षरांत लिहिलंय, ‘घर विकणे आहे. भेटा : पोपट म्हात्रे, पेण’, आणि खाली फोन नंबर. मित्रांनो, एसटीच्या खिडकीतून तुम्ही मला कधी ना कधी पाहिलं असणार. पाहून विसरलाही असाल. असू दे, मी रागावणार नाही. माझा सगळा राग मी एका मोबाईलवर काढून बसले आहे, आणि तीच माझी गोष्ट आहे.

माझा जन्म पेणचा, गणपतीच्या कारखान्यातला. म्हणजे मी काही मूर्ती नव्हते, छपराला लावून उरलेला पत्रा होते. तिथे बाबाजी नावाचे कारागीर होते. मूर्तीचे डोळे आखायचं काम फक्त त्यांचं. गणपती गेले, कारखाना थंडावला, तेव्हा लोकांची घरं विकून देणारे पोपटराव मला काखेत मारून त्यांच्याकडे गेले.

“बाबाजी, अशी रंगव की जाणाऱ्यानं गाडी थांबवली पायजे.”

“मी डोळं काढणारा माणूस,” बाबाजी म्हणाले. “चल, तुज्या पाटीला पन डोळं काढून देतो.”

ज्या बारीक ब्रशनं ते देवाचे डोळे आखायचे, त्याच ब्रशनं त्यांनी माझी अक्षरं काढली. मला दिसतं ते त्यामुळेच, असं मला अगदी मनापासून वाटतं. पाठीला मात्र त्यांनी गंज लागू नये म्हणून लाल रंग फासला आणि विसरून गेले.

त्या लाल पाठीचा उपयोग पोपटरावांनी शोधला. घर ठरलं, टोकन दिलं-घेतलं की ते मला काढत नसत. नुसती फिरवून टांगत. तोंड घराकडे, लाल पाठ रस्त्याकडे. घरातली माणसं सामान घेऊन निघेपर्यंत मी तशीच. हळूहळू पेणपासून रोह्यापर्यंत घर शोधणाऱ्या सगळ्यांना ते माहीत झालं. लाल दिसली की घर गेलं. मग कोणी कडीसुद्धा वाजवत नसे. “पोपट म्हात्र्याची पाटी खोटं बोलत नाय,” असं लोक म्हणायचे आणि ते ऐकून माझा पत्रा उन्हाशिवाय तापायचा. दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळायची. पोपटरावांच्या स्कूटरला छोटी, मला मोठी. मी मोजून घेतलंय.

गेल्या मार्गशीर्षात पोपटरावांनी मला रोह्याला आणलं. धाटावच्या रस्त्यावर वृंदाबाईंचं बैठं घर आहे, पुढे जास्वंद, मागे परसू. वृंदाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. घरात त्या एकट्याच. पेणला त्यांची बहीण मालू राहते. मालूताईंच्या शेजारचा तळमजल्यावरचा ब्लॉक रिकामा झाला होता, आणि त्याच्या मालकानं सांगितलं होतं, बाई, अक्षय तृतीयेपर्यंत थांबतो, मग दुसऱ्याला देईन. दोघी बहिणींना म्हातारपण भिंतीला भिंत लावून काढायचं होतं. त्यासाठी आधी हे घर विकलं जायला हवं होतं. मित्रांनो, हे लक्षात ठेवा. मी ते विसरले होते.

पोपटरावांनी मला फाटकाला तारेनं बांधलं. पौष गेला, माघ गेला. बघायला आले ते नुसतेच बघायला आले. एकानं तर जास्वंदीची फांदी मागून नेली. तेव्हा पुण्याहून वृंदाबाईंचा मुलगा अद्वय आला. ओसरीवर बसून त्यानं आईला समजावलं, आणि मी फाटकावरून शब्दन् शब्द ऐकला.

“आई, आता पाटी बघून घर कोण घेतं? ऑनलाईन टाकू. पनवेलची कंपनी आहे, येऊन फोटो काढतात, जाहिरात तेच लिहितात.”

“पण पोपटरावांना काय सांगू?”

“सांग की मुलानं ठरवलं. मला खलनायक कर.”

“आणि त्या कंपनीचं शुल्क?”

“आधीच भरायचं, पण थोडं आहे. पोपटरावांचं विकल्यावर, पण जास्त.”

“म्हणजे तुझ्या कंपनीला घर विकलं काय, राहिलं काय, सारखंच,” वृंदाबाई म्हणाल्या. पण म्हणाल्या आणि तयारही झाल्या. अक्षय तृतीया डोळ्यांपुढे होती. पोपटरावांना त्यांनी फोन केला. पोपटराव “बरं बरं, बाई” एवढंच बोलले. पाटी घेऊन जा असं त्यांना कोणी म्हटलं नाही, त्यामुळे मी राहिले.

चार दिवसांनी नूतन आली. पनवेलच्या कंपनीची फोटो काढणारी, जीन्सच्या खिशात कापड, गळ्यात मोबाईल. आणि काय सांगू, किती लाड त्या मोबाईलचे. दर फोटोआधी ती त्याची काच पुसायची. माझं तोंड सोळा वर्षांत पावसानं पुसलं, बाकी कोणी नाही. त्यातून तिनं माझ्याकडे बघून नाक मुरडलं.

“काकू, ही पाटी फोटोत येतेय. फिरवून ठेवू का? काढायला नको, तार गंजलीय.”

“ठेव गो, काय ते कर,” वृंदाबाई आतून म्हणाल्या.

नूतननं मला फिरवलं. फोटो काढले. मग पाणी प्यायली, आवळ्याचं लोणचं खाल्लं, आणि मला सरळ न करता निघून गेली. तिला आमची रीत कुठून माहीत असणार? वृंदाबाईंनाही नव्हती. चाळीस वर्षं एकाच घरात राहिलेल्या बाईला घर शोधणाऱ्यांच्या खुणा काय माहीत. रस्त्यावर माझी लाल पाठ झळकू लागली. घर गेलं.

मला लगेच कळलं. आणि मित्रांनो, आता मी लाजून सांगते, मला आनंद झाला.

कारण ओसरीवर तो वृंदाबाईंचा मोबाईल ‘टिंग’ करायचा. जाहिरात एवढ्यांनी पाहिली, टिंग. एवढ्यांना आवडली, टिंग. एका दिवसात जितक्यांनी तिला पाहिलं, तितके मला वर्षभराच्या एसट्यांतून मिळाले नसते. माझा नुसता जळफळाट. मला उन्हात गंज, तिला घरात मऊ उशी. मी म्हटलं, वाज बाई, वाज. तुझे हजार फोटो एकीकडे आणि माझी एक लाल पाठ एकीकडे. बघू कोण जिंकतं.

मी जिंकत गेले. एका संध्याकाळी धाटावच्या कारखान्यांची शिफ्ट सुटल्यावर माझ्या पाठीमागे एक मोटारसायकल थांबली. दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

“हर्षद, हेच बघ. फोटोत हीच जास्वंद हाय,” एक बाई म्हणाली.

“रोहिणी, लाल दिसतेय. गेलं घर.”

“मोबाईलवर तर अजून हाय.”

“मोबाईलवरनं काढायचं ऱ्हायलं असंल. पोपट म्हात्र्याची पाटी खोटं बोलत नाय.”

मोटारसायकल वळली आणि गेली. पोपट म्हात्र्याची पाटी खोटं बोलत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी खोटं बोलत होते, आणि तेव्हाही लोक माझंच खरं मानत होते. मी फुगले. आठवड्यानं ती दोघं पुन्हा आली, पुन्हा लाल बघून गेली. या वेळी गाडी वळायला जास्त वेळ लागला.

एकदा ओळखीची स्कूटरही आली. तिचा खोकला मी झोपेतही ओळखेन. पोपटराव. थांबले, “बाईंनी परस्पर दिलं वाटतं,” एवढं पुटपुटले आणि गेले. मला न्यायलासुद्धा उतरले नाहीत. तेव्हा मात्र माझ्या तारेच्या चारही भोकांत कळ आली.

आता एक गंमत ऐका, पण हसू नका. तोपर्यंत मी नेहमी रस्त्याकडे बघत आले होते. घर ठरल्यावरच मला आत बघायला मिळायचं, आणि तोवर घरात सामानाचे खोके असायचे. इथे पहिल्यांदा मी एका न विकलेल्या घरात बघत होते. दिवसच्या दिवस. वृंदाबाई सकाळी गुडघ्यांना तेल चोळायच्या. मग खिडकीत बसून मालूताईंना फोन.

“नाही गो मालू, आज पण कोणी नाही. फोटो सगळे बघतात. घर कोणी बघत नाही.”

पलीकडून काहीतरी यायचं.

“रंग कशाला ठरवतेस माझ्या खोलीचा? आधी विकू तर दे.”

चैत्र लागला तशी टिंग कमी झाली. मग बंद झाली. एक दिवस वृंदाबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर पुढच्या पानावर उलटलं, अक्षय तृतीयेच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि पुन्हा पान खाली सोडलं. मोबाईल गप्प झाला होता. मी जिंकले होते. आणि जिंकल्याचं मला काहीच वाटत नव्हतं. खरं तर मला ओरडावंसं वाटत होतं की बाई, माझ्यामुळे, माझ्यामुळे. पण पाटीला बाबाजींनी डोळे दिले, तोंडात आवाज कुठे दिला?

सुटका भाजीवाल्या हौसानं केली. अक्षय तृतीयेला नऊ दिवस होते. ती टोपली घेऊन फाटकात आली आणि म्हणाली, “बाई, तोंडली ऱ्हायलीत, घ्या सगली. आता जानार तुमी, मग कुनाला देऊ?”

“कुठे जाणार?”

“घर इकलंत ना?”

“कोण म्हणालं?”

“अख्खा रस्ता म्हनतोय. पाटी लाल हाय दोन म्हयन्यापासून.”

वृंदाबाई गुडघे धरत फाटकापर्यंत आल्या, बाहेर गेल्या, माझी पाठ बघितली. हौसानं तोंडली निवडत निवडत त्यांना आमची रीत सांगितली. मग बाई आत आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि माझ्या तोंडावरचा नंबर एकेक आकडा वाचत त्यांनी फिरवला. इतके दिवस तो त्यांच्या खिडकीसमोरच होता.

“पोपटराव, वृंदा बोलतेय.”

“बोला बाई. घर दिलंत, चांगलं झालं. कोनाला दिलं?”

“कोणाला देणार? बघायलाच कोणी आलं नाही. तुमची पाटी फोटोसाठी फिरवली होती. आणि तुम्ही एक फोन करून विचारलं नाहीत?”

“तुमी तरी कुठं केलात, बाई?”

बाईंनी कपाळावर हात मारला. मग पोपटराव म्हणाले, “येतो. आत्ताच येतो. चाय ठेवा.”

त्यांनी मला स्वतःच्या हातानं सरळ केलं. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर मोटारसायकल थांबली, आणि या वेळी मी हर्षद आणि रोहिणीची तोंडं पाहिली. रोहिणीनं गाडी पुरती थांबायच्या आत उडी मारली आणि कडी वाजवली.

बाईंचा फोन जाताच पोपटराव आले. त्यांनी घर दाखवलं, आणि त्यात काही लपवलं नाही. “पावसात मागच्या ओढ्याचं पानी परसात येतं. तुळशीपर्यंत. बाई हायत, विचारा.”

“तुळशीपर्यंत,” वृंदाबाई म्हणाल्या. “उंबऱ्यावर कधी नाही.”

“हे मोबाईलवर नव्हतं,” हर्षद म्हणाला.

“मोबाईलला श्रावण कुठं म्हायत, बाला,” पोपटराव म्हणाले. मी गर्वानं ताठ झाले.

तेवढ्यात आतून रोहिणीचा आवाज आला. “शिलाई मशीन या खिडकीखाली. मी फोटोत बघूनच ठरवलं होतं. रोज बघायची मी तो फोटो.”

आणि माझा गर्व तिथेच गळाला. दोन महिने मी तिला दारातून परत पाठवत होते. तिच्या मनात हे घर जिवंत ठेवलं ते मोबाईलवरच्या त्या जाहिरातीनं, जिचा मी हेवा करत होते.

टोकन दिलं गेलं. अक्षय तृतीयेच्या आधी दोन दिवस मालूताईंच्या शेजारचा ब्लॉक वृंदाबाईंच्या नावानं पक्का झाला. पोपटरावांनी मला पुन्हा फिरवलं, या वेळी खरोखर. निघायच्या सकाळी वृंदाबाई ओलं फडकं घेऊन आल्या आणि त्यांनी माझं तोंड पुसलं. अक्षरन् अक्षर. जाहिरात बंद करायची म्हणून बाईंची सही घ्यायला नूतन आली होती. सगळं ऐकून ती ओशाळली, आणि तिनं मोबाईलची काच पुसून वृंदाबाईंचा आणि माझा फोटो काढला. मी मोबाईलच्या आत गेले. तिथे उजेड बरा असतो, एवढंच सांगते.

तिथून पोपटराव मला थेट पेणला बाबाजींकडे घेऊन गेले. बाबाजींचा हात आता थोडा कापतो, पण देवाच्या डोळ्यांवर आला की थांबतो. माझ्यावर आला तेव्हाही थांबला. त्यांनी माझ्या लाल पाठीवर पांढऱ्या रंगात पाच शब्द लिहिले. हल्ली मी नागोठण्याला एका घरावर आहे. त्याच घराची मोबाईलवर जाहिरातही चालू आहे, आणि हो, मला अजून तिचा हेवा वाटतो. सवय एकदम जात नाही. पण मित्रांनो, तुम्ही कधी या रस्त्यानं आलात आणि माझी लाल बाजू दिसली, तर लगेच गाडी वळवू नका. कोणावर रुसला असाल तर त्यालाही आधी एक फोन करा. आणि हात लावायचा तर आधी माझं तोंड जरा पुसा, मग माझी पाठ वाचा. तिथे लिहिलंय :

‘घर ठरले आहे. तरी विचारा.’