अर्ध्या भाड्याचे सासरे

लग्न मोडायचं ठरवायला त्या दोघांना दोन वर्षं लागली आणि सामान वाटून घ्यायला वीस मिनिटं. कपाट तिचं, रेडिओ त्याचा, पडदे कुणालाच नकोत. अडलं ते भाड्यापाशी. करार दोघांच्या नावावर होता आणि त्याचे अजून सात महिने बाकी होते.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायची. तो थोरल्या बहिणीकडे राहायला गेला आणि आपली जबाबदारी संपली असं समजला. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी दोघांना बोलावून कराराचं शेवटचं पान पुढं केलं.

"ही सही कुणाची? आणि ही? मग झालं तर. तुमचं पटतं की नाही हे मला सांगू नका. एकानं हात वर केले तर मी दुसऱ्याकडून पूर्ण भाडं घेईन. सुटायचं असेल तर आपल्या जागी दुसरा भाडेकरू आणा. तो मलाही पसंत पाहिजे आणि हिलाही."

तो धुसफुसत अर्धं भाडं भरू लागला. "राहत नाही त्या खोलीचे पैसे मोजतोय," हे तो बहिणीकडे रोज ऐकवायचा. ऐकायला समोर त्याचे वडील असायचे, कारण त्यांच्या खाटेवर आता तो झोपायचा आणि ते खाली गादीवर. वडिलांनी तीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासली होती. आठवडाभर त्यांनी ऐकून घेतलं. मग एका सकाळी वळकटी बांधली.

"कुठं निघालात?"

"तुझ्या खोलीत. माझी खाट तू घेतलीस, तुझी खोली मी घेतो. भाडं भरलेलंच आहे."

थट्टा समजून तो हसला. तोवर म्हातारा जिना उतरला होता.

सुनेनं दार उघडलं. "बाबा? तुम्ही?"

"तुझ्याकडे नाही आलो. मुलाच्या अर्ध्या भागात आलोय. स्वयंपाकघर कुणाच्या वाट्याला येतं?"

"दोघांच्या."

"मग चहा टाकतो."

तिनं लगेच नवऱ्याला फोन लावला. "परत पाठव त्यांना," तो म्हणाला. "कोणत्या तोंडानं?" ती म्हणाली. "खोलीचं भाडं तू भरतोस."

पहिले काही दिवस ती वैतागली. म्हातारा पहाटे शीळ घालत दाढी करायचा आणि पेपर मोठ्यानं वाचायचा. पण ती दुकानातून आली की विचारायचा, "आज कोण कोण आलं होतं?" आणि उत्तर संपेपर्यंत ऐकायचा. हे तिला त्या घरात आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनं त्याचे डोळे तपासले, तर चष्म्याचा नंबर कितीतरी वर्षं चुकलेला. नवा चष्मा लावून तो तिच्याकडे बघत म्हणाला, "अरेच्चा, तू दिसायला बरी आहेस की!"

इकडं मुलगा भाडेकरू शोधून पाठवू लागला. म्हातारा दारातच खुर्ची टाकून बसायचा.

पहिला बँकेतला कारकून. "झोपेत बोलता का?"

"माहीत नाही. एकटाच झोपतो."

"म्हणजे चौकशीच केलेली नाही. या आता."

दुसरी परिचारिका, अगदी भली बाई. तिला म्हातारा आपुलकीनं म्हणाला, "नळ रात्रभर कण्हतो. सवय होते पण. मला वर्ष लागलं." त्याला तिथं येऊन तीन आठवडे झाले होते. स्वयंपाकघरात सून पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी होती.

आणखी महिनाभरानं तिसरा आला, पोहणं शिकवणारा. त्याला नळासकट सगळं आवडलं. मग सुनेनंच कळवून टाकलं, "मला ह्याचा टॉवेल पसंत नाही."

"त्यानं टॉवेल आणलाच नव्हता!" मुलगा फोनवर ओरडला.

"तेच तर."

दुसऱ्या दिवशी तो तरातरा वर आला. "बाबा, तुम्ही माझ्या बाजूचे की हिच्या?"

"मी रस्त्याच्या बाजूच्या खोलीचा. ऊन चांगलं येतं."

"मला सुटायचंय हो ह्यातून!"

"खरंच? मग मालकीणबाईंना हाक मार."

मालकीणबाई पेन घेऊनच वर आल्या. म्हाताऱ्यानं पेन्शनचं पुस्तक टेबलावर ठेवलं. "ह्याच्या जागी भाडेकरू म्हणून मी."

"मला चालतील," मालकीणबाई म्हणाल्या. "तुला गं?"

"विचार करावा लागेल," सून म्हणाली, आणि तेवढ्यात सही करून मोकळी झाली.

मुलगा चक्रावला. "हे आधीच का नाही सांगितलंत?"

"दोन महिने फुकट राहायला मिळत होतं. कोण सांगेल?"

त्याचं नाव खोडलं गेलं, सह्या झाल्या. इतके दिवस हेच हवं होतं, तरी त्याचा पाय घरातून निघेना. ती त्याला फाटकापर्यंत सोडायला आली.

"सुटलास एकदाचा," ती म्हणाली.

"हो. मला खाट मिळाली, तुला माझे वडील." बोलता बोलता त्यालाच हसू फुटलं, आणि मग तिलाही. कित्येक महिन्यांत दोघं एकाच गोष्टीला हसले नव्हते.

"येत जा त्यांना भेटायला," ती म्हणाली. "मी दुकानात असते तेव्हा."

वरच्या खिडकीतून म्हातारा ओरडला, "येताना दूध आण!"

"कुणाला सांगताय?" दोघांनी एकदमच विचारलं.

खिडकी लागली होती. मग तोच दुधाला गेला.